आधी भिंतीला हात लाव

एव्री, शुक्रवार

प्रिय बाकारी,

तुझ्या आईला आवर. अकरा वर्षांनी लिहितेय आणि पहिलंच वाक्य हे, पण तिने माझा अगदी अंत पाहिलाय.

सप्टेंबरपासून दर शनिवारी सकाळी ती माझ्या नवशिक्यांच्या वर्गाला येते. हो, पार्कूरच्या, भिंती-कठड्यांवरून उड्या मारायला. अडुसष्टाव्या वर्षी. गेल्या हिवाळ्यात बेकरीपुढच्या बर्फावर घसरून तिचं मनगट मोडलं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, जपून चाला. ती तडक माझ्याकडे आली. "जपून तर मी चालतच होते. मला नीट पडायला शिकव." मी नाही म्हटलं. वय काढलं, नगरपालिकेचे नियम सांगितले, डॉक्टरचा दाखला मागितला. वर्ग सुरू झाला त्या दिवशी दाखला घेऊन हजर! तो भलामोठा पिवळा झगा, आणि त्याखाली ट्रॅकपँट.

मला आधीच कमी वैताग आहे का? नऊ जण आहेत वर्गात. त्यातल्या आठांना पहिल्याच दिवशी उलटी कोलांटी मारायची असते आणि तिचा व्हिडिओ हवा असतो. मी घसा कोरडा करते : आधी या बुटक्या कठड्यावरून खाली उतरा, चवड्यांवर, गुडघे सैल सोडून, आवाज न करता. लोइक म्हणून बँकेतला एकजण आहे, तो म्हणाला, "मॅडम, हे तर मांजरही करतं." मी तोंड उघडायच्या आत तुझी आई मागून म्हणाली, "मग मांजराकडे शिकवणी लाव की!" सगळे हसत सुटले, आणि माझा अर्धा तास गेला. वर ती आल्याच्या रसाची बाटली आणते. सरावाच्या मध्येच सगळ्यांना पायऱ्यांवर बसवून पाजते. मी ओरडले तर म्हणते, "सेव्हरीन, तूही घे, घसा बसलाय तुझा."

आणि तिचे प्रश्न! लोळण खांद्यावरूनच का घ्यायची? सरळ पाठीवरून घेतली तर काय होतं? मी सांगते की मणका थेट जमिनीवर आपटतो, म्हणून एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे तिरपं जायचं. तोवर मागे रांग खोळंबलेली. पाचव्या आठवड्यात तिला ती लोळण जमली. उठली, झग्यावरची पानं झटकली, म्हणाली, "अजून एकदा." त्याच गवतावर तू मला शिकवली होतीस ती, आपण सोळा वर्षांचे असताना. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

तू नाँतला गोदामात काम करतोस, थंडीत तुझा गुडघा अजून ठणकतो, दोन मजले चढलास की थांबतोस, हे सगळं ती मी न विचारता सांगते. मी बुटाची नाडी बांधत बसते.

गेल्या शनिवारी भिंतीवर झेप घेऊन हातांनी लटकायचं शिकवायचं होतं. पहिला नियम सांगितला : दुसऱ्याच्या शब्दावर उडी मारायची नाही. आधी स्वतः जाऊन भिंतीला हात लावायचा. ओल आहे का, शेवाळ आहे का, ते बघायचं. तुझ्या आईने हात वर केला. "मग माझ्या बाकारीने त्या दिवशी लावला नव्हता?" आवाजात राग नव्हता. कधीपासूनचं विचारायचं राहून गेलेलं विचारावं तसं विचारलं. तेव्हा मला कळलं, ती पडायला शिकायला आलीच नव्हती.

घाई केली त्याने, असं मी म्हणू शकले असते. दवाखान्यात तूही सगळ्यांना तेच सांगितलंस, आणि मी तुझ्या खाटेशी गप्प उभी राहिले. पण या वेळी आठ लोकांसमोर मी तिला खरं सांगितलं. तू वर गच्चीवर होतास, मी समोरच्या भिंतीपाशी. तू ओरडून विचारलंस, "कोरडी आहे?" मी म्हटलं, "हो, बघितली." मी बघितली नव्हती, बाकारी. भिंत ओली होती, आणि तुझे हात निसटले. थंडी होती, खिशातून हात काढायचा कंटाळा आला होता. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी त्याला बोलतेय, आंधळ्यासारखी उडी का मारलीस म्हणून. एकदाही तुझं नाव घेतलं नाही पोराने." बाटली पिशवीत टाकली आणि निघाली. जाता जाता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्याला सांग. पुढच्या शनिवारी येऊन विचारेन." म्हणून हे पत्र. मी खोटं बोलले हे तुला ठाऊक होतं की नाही, ते मी विचारत नाही. तो हक्क मी घालवलाय. शिव्या द्यायच्या असतील तर फोन कर, मी उचलेन. उद्या शनिवार आहे.

तुझीच,
सेव्हरीन