खंदी काढा, तो खंदक

प्रिय अक्का,

तुला जाऊन आता दुसरी दिवाळी येईल, आणि आजवर थोरल्या बहिणीला चार ओळी लिहाव्यात असं मला कधी सुचलं नाही. आज लिहितोय, कारण परवा शाळेच्या सभागृहात मी तुझा विषय काढला आणि तुलाच खाली पाहायला लावलं. तू असतीस तर इथं देवपूरला माझ्या शाळेत येऊन माझा कान धरला असतास.

तो खंदक आठवतो ना? एरंडोलच्या मळ्याभोवती तू खणलेला. "बठ्ठा मका डुकरं खाई ग्यात," म्हणत तू स्वतः कुदळ घेऊन उतरली होतीस, आणि दाजी बांधावर बसून तुला हसत होते. त्या वर्षी रानडुकरं काठावरूनच परत गेली. मग दाजीच गावभर खंदकाचे सल्ले देत फिरायला लागले!

मी तेव्हा नुकताच मराठीचा मास्तर झालो होतो. मोठ्या ऐटीत विचारलं, "अक्का, खंदक हा शब्द आला कुठून, माहीत आहे?" तू कुदळीचा दांडा पुसत म्हणालीस, "खंदी काढा, तो खंदक. यामा काय इचारानं शे, बापू?"

खणून काढला, तो खंदक! मला ते इतकं पटलं की वर्गात मी कायम तेच सांगत आलो. कोश उघडून पाहायचा आळस केला, तो माझा.

परवा मुलांपुढे, पालकांपुढे पुन्हा तेच सांगितलं. भाषण संपल्यावर उर्दू शाळेतले एक निवृत्त गुरुजी उठले. किती अदबीनं बोलले! "सर, राग मानू नका. किल्ल्याभोवती शत्रूला अडवायला खणतात तो खंदक. हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला." कुणी हसलंसुद्धा नाही. 'बरं झालं सांगितलंत' म्हणून मी खाली बसलो असतो, तर काय बिघडलं असतं?

पण माझा चेहरा पडला होता. मी माइक ओढला आणि म्हणालो, "काय करणार, आमची बहीण चौथी शिकलेली. तिच्या कोशात एवढंच." मग मात्र सगळं सभागृह हसलं. आणि मला हायसं वाटलं, अक्का. त्या हायसं वाटण्याचीच आता जास्त लाज वाटते.

तिसऱ्या रांगेत तुझी सुमन बसली होती. मामाचं भाषण ऐकायला मुद्दाम एसटीनं आली होती बिचारी. तिला स्टँडवर सोडायला गेलो. बस लागल्यावर एवढंच म्हणाली, "मामा, आई सातवी शिकेल व्हती."

मला माहीत नव्हतं का ते? तुझीच जुनी पुस्तकं समोर धरून तू मला वाचायला शिकवलंस. हशा पिकावा म्हणून मी तुझ्या तीन इयत्ता कापल्या.

काल शाळेच्या कपाटातला मोठा कोश काढला. गुरुजींचं खरं आहे. अरबांनी हा शब्द जुन्या इराणी भाषेतून घेतला, आणि तिथे त्याचा अर्थ काय, सांगू? खणलेलं! शिवाय त्यांचं ते खणणं आणि आपलं खणणं मुळात एकाच घरातलं. म्हणजे शब्द कोणत्या वाटेनं आला ते तुला ठाऊक नव्हतं, पण अर्थ तू बरोबर सांगितला होतास.

क्षणभर मी खूश झालो. मग त्या खुशीचीही लाज वाटली. तू बरोबर निघालीस, एवढ्यासाठीच का मी शरमायचं? तू साफ चुकली असतीस, तरी भर सभेत तुला पुढे करून मी मागे लपायला हवं होतं का? आणि लपायचं तरी कुणापासून? समोर एक म्हातारे गुरुजी, तेही मला मदतच करणारे.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी त्याच माइकवर बोलणार आहे. पालकांना आणि गुरुजींना बोलावलंय. सुमनलाही फोन केला, तर "मका काढनी शे, देखसू" म्हणाली. ती आली नाही तरी मी शब्दाची पूर्ण वाट सांगेन, आणि चौथी ही माझी थाप होती हेही सांगेन. सुट्टी लागली की मळ्यात येईन. तुझ्या खंदकात गाळ साचलाय म्हणे. तो मी माझ्या हातानं उपसेन. दाजींना बांधावर बसून हसायचं तेवढं हसू दे.

सातवी शिकलेल्या अक्काचा,
बापू