सातव्या सांध्याची मोटर

मी रामदास बुधाजी गमरे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म बौद्ध, पूर्वी गिरणीत वायरमन व नंतर पंखे-मिक्सर दुरुस्ती करणारा, राहणार काळाचौकी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी गळ घातलेली नाही की धाक दाखवलेला नाही. धाक दाखवणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी कमलाबाई, ती १९९९ साली वारली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. खोलीचा भाडेहक्क, बँकेतील ठेव व कमलाबाईचे दागिने माझी एकुलती मुलगी शैला हिला मिळावेत. दागिने म्हणजे मंगळसूत्र आणि कुड्या. बाकीचे गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी गेले. त्यावरून कमलाबाईने मला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवायला हवा होता.

२. मल्टिमीटर, पकडी, पेचकस वगैरे हत्यारेही शैलानेच ठेवावीत. तिला फ्यूज बांधता येतो, जावयांना येत नाही.

३. माझी अॅल्युमिनियमची शिडी चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने लायटिंगसाठी अकरा वर्षांपूर्वी नेली. ती मंडळाचीच आहे असे कार्यकर्ते सांगतात. ती मी मंडळाला देतो, म्हणजे निदान एक गोष्ट तरी ते खरी बोलतील.

४. माझ्या खोलीच्या भिंतीला बिजागऱ्यांवर उघडमीट होणारी प्लायवूडची फळी आहे. तिच्यावर कॉटन ग्रीनच्या कापूस गोदामांत मालगाडी शिरायची त्या जागेचा छोटा नमुना आहे: रूळ, गोदामे, एक इंजिन, नऊ डबे आणि सात सांधे. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. ही फळी मी एकट्याने केलेली नाही. माझ्याबरोबर सीताराम धर्मा तांबे होते, याच मजल्यावर दोन दारे सोडून राहणारे, गिरणीत कताई खात्यात होते ते.

सीताराम १९८३ साली, संप चालू असताना, गिरणीत कामावर आत गेला. त्याची आई केईएम रुग्णालयात होती. मी बाहेर राहिलो. त्यानंतर सोळा वर्षे आम्ही एकाच नळावर पाणी भरले आणि एकमेकांशी बोललो नाही. कमलाबाई गेली तेव्हा तो न बोलावता आला आणि त्याने खांदा दिला. महिन्याभरात तो फळी रंगवायला बसला होता.

आमचे एकाच गोष्टीवरून वाजले: सांध्यांना मोटर कोणती लावायची. एक प्रकार कॉइलचा. बटण दाबले की खटकन सांधा पलटतो. आकाराने लहान, किमतीला हलकी, पण तिला वीज क्षणभरच द्यायची, बटण दाबून ठेवले तर कॉइल जळते. दुसरा प्रकार गिअरच्या सावकाश मोटरचा. सांधा पलटायला तीन सेकंद घेते, वीज चालू राहिली तरी तिचे काही बिघडत नाही, पण किंमत तिप्पट आणि जाडी इतकी की फळी भिंतीला सपाट मिटत नाही.

सीताराम म्हणाला, सावकाश घेऊ. खरा सांधासुद्धा असा खटकन पलटत नाही, सांधेवाला लिव्हर ओढतो तेव्हा तो जरा वेळ घेतो. शिवाय माणसाचा हात आहे, एखाद्या दिवशी बटणावर राहील. मी म्हणालो, तीस वर्षे वायरमन असलेल्या माणसाच्या हातून कॉइल जळत नसते. सातही मोटरी मी कॉइलच्या बसवल्या.

५. आता जे लिहितो ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. २००४ च्या मे महिन्यात एका दुपारी सातव्या सांध्याची मोटर जळाली. सीताराम तासभर गाडी खेळवून नुकताच मोरीवर हात धुवायला गेला होता. मी एकटाच फळीपाशी होतो. खडीचा एक कण अडकून सांधा अर्ध्यावर थांबला आणि मी बटण दाबून धरले. गिरणीत मोठी मोटर चालू करताना स्टार्टरचा दांडा असाच धरून ठेवायचा असतो, मशीनने वेग घेईपर्यंत सोडायचा नाही. हात तेच शिकलेला. वास आला तेव्हा सोडले.

सीताराम परत आला. मी त्याला गॅलरीत गाठले आणि चार बिऱ्हाडांच्या देखत म्हणालो, "मोटर जाळलीस तू. संपात आत गेलेला माणूस, तुझ्या हाताला धीर नाही." तो ओल्या हातांनीच आपल्या खोलीकडे वळला. त्या दिवसापासून फळीकडे फिरकला नाही. याला चार वर्षे झाली. मला याची लाज वाटते.

त्याच वर्षाअखेर मी शैलाकरवी एक सावकाश मोटर मागवली. ती कपाटात खोक्यातच आहे. ती एकट्याने बसत नाही. एकाने खालून धरायची, दुसऱ्याने वरून सांधा नीट बसतो का ते पाहायचे.

तरी फळी, इंजिन, डबे, ती मोटर आणि तारा डाखायची सोल्डर गन हे सर्व माझ्या पश्चात सीताराम धर्मा तांबे यांना द्यावे. भंगारवाल्याला दाराशीही उभे करू नये.

६. वरील कलम पाच शैलाने गॅलरीत उभे राहून मोठ्याने वाचावे, कारण खोटे मी तिथेच बोललो.

७. हे कलम आज सकाळी वाढवले. शैलाने काल मसुदा वाचला आणि विचारले, "बाबा, तुम्ही मेल्यावर माफी मागणार? तोवर सीतारामकाका असतील कशावरून?" ती कागद घेऊन दोन दारे पलीकडे गेली आणि सीतारामला घेऊन आली. कलम पाच त्याने चष्मा लावून स्वतः वाचले. मग तो म्हणाला, "मला ठाऊक होता. मोरीपर्यंत आवाज येत होता रे. सांधा गुरगुरत होता नि बटण सुटत नव्हता."

मी विचारले, मग तेव्हाच का नाही बोललास.

"मोटरचा खोटा होता. आत गेल्याचा खरा होता. एक खोडून काढायचा तर दुसऱ्यावर पण बोलायला लागला असता."

मी म्हणालो, तुझी आई आजारी होती. तो म्हणाला, "हां. हे तू पंचवीस वर्षांनी बोलतोयस." शैलाने चहा ठेवला.

वकिलांच्या मते ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, म्हणून सीतारामची सही खाली नाही. निघताना तो दारात थांबून म्हणाला, "तू मरायची वाट कोण बघत बसणार? उद्या दहाला येतो. खालून मी धरतो. सोल्डर गन तापवून ठेव."

तरी कलम पाच कायम ठेवावे. कलम सहाचे वाचन मी आज दहाच्या आधी स्वतः करीन.

मृत्युपत्र करणार: रामदास बुधाजी गमरे (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. हरेश्वर लहू वैती, राहणार शीव कोळीवाडा (सही)
२. ललिता भिवा कासारे, शेजारी (सही. २००४ साली मी गॅलरीत हजर होते.)

ठिकाण: काळाचौकी, मुंबई
दिनांक: १२ नोव्हेंबर २००८