क्रेनवाल्याची चिठ्ठी

प्रिय शिवकुमारदादा,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीनं. आत्ता तू मला मुळीच प्रिय नाहीस, आणि ते लपवायची माझी इच्छाही नाही. चार दिवस तुझे फोन उचलले नाहीत. फोनवर तू आवाज चढवतोस आणि मी लहानपणासारखी गप्प होते, म्हणून लिहिते आहे.

सोनारीला जाऊन आलास म्हणे. काळभैरवापुढे नारळ फोडलास, चार जणांना जेवू घातलंस आणि परंड्याच्या स्टँडवर छाती पुढं काढून सांगितलंस, "मशीननंच शून्य दावलंय, आता कोन काय म्हनतंय?" आईनंच हे कौतुकानं सांगितलं. तिच्या लेखी देवानं तुला वाचवलं. कारखान्यात तुझ्या क्रेनमधून उसाचा भारा सुटला, बलभीमच्या अंगावर आला, त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, हे सांगायला मात्र ती विसरली. तूही विसरलास वाटतं.

बलभीमनं साखळीचा हूक लावून हात वर करायचा, मग तू भारा उचलायचास. बारा हंगाम त्या माणसानं तुझ्या क्रेनखाली काढले. आणि चौकशीत तू लिहून दिलंस की त्यानं हूक नीट लावला नव्हता. लाज कशी वाटली नाही रे? त्याचा हात वर जायच्या आधीच तू उचललंस, हे ऊस टाकतात त्या गव्हाणीवरच्या दोघांनी पाहिलंय. पण रोजंदारीवरच्या माणसांचं कोण ऐकतो? दारूच्या तपासणीत तुझ्या नावाची शून्याची चिठ्ठी फाइलला लागलीय ना.

कारखान्याची ही नर्सची नोकरी मला तूच साहेबांना सांगून लावून दिलीस. तू ऐकवण्याआधी मीच सांगून टाकते. क्रेन, बॉयलर, ट्रॅक्टर, ज्याच्या चुकीनं दुसऱ्याचा जीव जाईल त्यानं कामावर चढण्याआधी माझ्यासमोर दारू तपासायच्या मशीनच्या नळीत फुंकायचं, असा नियम. पहिल्याच दिवशी तू गळ्यातलं इष्टलिंग पुढं धरून म्हणालास, "लिंगधारी मानसाला नळी लावतीस व्हय गं? आप्पा असते तर काय म्हनले असते?" सगळे हसले. मी शरमले आणि न तपासताच तुझ्या नावापुढे शून्य लिहिलं. मग रोजच लिहीत गेले. दिवाळीनंतर तुझ्या तोंडाला वास यायला लागला. मला कळत होतं. लिंगाची लाज तू राखायचीस, ती मी राखत बसले, तीही खोटं लिहून.

लहानपणी ज्वारीच्या काढणीत माझ्या डोळ्यात कुसळ गेलं की तू पापणी धरून फुंकर घालायचास. तुझ्या श्वासाला गूळ-शेंगदाण्याचा वास यायचा. त्या दादावर माझा फार जीव होता. आता ते आठवलं की रडू येत नाही, संताप येतो.

परवा धाराशिवला दवाखान्यात बलभीमला बघून आले. त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, नको नको म्हणताना चहा मागवला. बलभीम भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, म्याच हूक तिरपा लावला आसंल. मशीन कशाला खोटं बोलंल?" दादा, पाय गेलेला माणूस चूकही स्वतःच्याच पदरात घालून घेतोय. तो चहा मी तसाच ठेवून उठले.

मशीन खोटं बोललं नव्हतं. अपघातानंतर तू माझ्या खोलीत नळीत फुंकलंस आणि लगेच मोरीवर ओकायला धावलास. आकडा मी एकटीनं पाहिला. ब्याऐंशी; तीसच्या पुढं तर गाडीही चालवता येत नाही. ती चिठ्ठी मी पर्समध्ये कोंबली, नवी नळी लावली आणि स्वतः फुंकले. ज्या शून्याचा नारळ तू सोनारीला फोडलास, तो श्वास माझा होता. भैरवाला त्यात ओढू नकोस. आज दुपारी तुझी खरी चिठ्ठी आणि माझा लेखी जबाब साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल, पुढं पोलीस काय करतील ते माहीत नाही. तुला विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. गेटवर कुणाकडून तरी कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहून आजच हातोहात पाठवते आहे. उद्या सकाळी सातच्या एस.टी.नं मी बलभीमकडे निघते आहे. यायचं तर ये. त्याच्यापुढे तोंड मात्र तुलाच उघडावं लागेल. तुझ्या जागी मी आता परत फुंकणार नाही.

एवढं सगळं होऊनही तुझीच,
शिवरंजनी