हापशावरचा दिवा

पाचोडजवळची वस्ती,
ता. ९ फेब्रुवारी २०२६

चि. सत्यम,

आईचे आशीर्वाद. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद धरला. इकडं सगळं बरं आहे. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. त्यातलं एक तुझ्यासारखंच हट्टी, दूध पाजायलाही मागं लागावं लागतं.

वस्तीला उन्हावर चालणारा दिवा मिळाला, हे कळलं असेल. तीन वर्षं अर्ज केले. शहरात येऊन क्रांती चौकात आम्ही बाया भर दुपारी कंदील पेटवून बसलो. त्या दिवशी मी उस्मानपुऱ्यात तुझ्या गल्लीपर्यंत आले होते. गॅलरीत तुझा निळा शर्ट वाळत होता. तो बघितला आणि परत फिरले. "वस्तीची कामं करतीस, घरात कोण हाय ते दिसत नाय तुला," असं बोलून तू गेलास, त्याला दोन वर्षं झाली. हातात कंदील घेऊन कोणत्या तोंडानं तुझा जिना चढणार होते?

आता खरं सांगते. खांब एकच आला. हापशावर लावायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, अंधारात तिथं चिखलात बाया घसरतात. मी म्हणाले, तिथं लिंबाची सावली आहे, ऊन पुरायचं नाही. अर्ज मीच लिहिलेले, यातलं मला कळतं, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. खांब आपल्या दाराशी लागला. हापशावरही ऊन भरपूर आहे रे. तू संध्याकाळच्या एसटीनं आलास तर फाट्यावरून घर दिसावं, एवढंच मनात होतं.

मागच्या महिन्यात शेजारची सारजाबाई हापशावर पडली. हात मोडला. भेटायला गेले तर उलट मलाच समजावते, "तू तरी काय करशील, सावलीच हाय तिथं."

मला राहवलं नाही. सगळ्या बायांसमोर कबूल केलं. मग सारजाबाईच म्हणाली, "लेकरासाठी पाहिजे व्हता, तर सांगायचं ना गं. आम्हीच लावला असता तुझ्या दाराशी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लई रडले.

काल खांब हापशावर हलवला. नको नको म्हणत होत्या, पण खड्डा मीच खणला.

फाट्यावरून आता आपलं घर दिसत नाही. आलास तर हापशाच्या उजेडापर्यंत ये आणि हाक मार. तिथून पुढं मी येते घ्यायला.

हाकेकडं कान लावून बसलेली
तुझी आई