अकरावं घर

औरंगाबाद,
ता. ६ जानेवारी १९८८

ती. दादा आणि आईस,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

मी मजेत आहे. आईनं दिलेला ठेचा होस्टेलच्या मुलींनी चार दिवसांत फस्त केला, मला बोट लावायलाही उरला नाही.

प्रबंधातलं चर्चेचं प्रकरण सरांनी परत केलं. म्हणाले, आकडे मागच्या प्रकरणात येऊन गेले, इथं तू तेच पुन्हा वाचून दाखवतेस. ते तसे का आले, हे कोण सांगणार? मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपते आणि प्रकरण पटल्याशिवाय ते सही करणार नाहीत. दादा, मला धास्ती बसलीय. शहाऐंशीच्या दुष्काळात आपल्या गावच्या सोसायटीनं सभासदांना कडबा वाटला, तो आपल्या वस्तीतल्या बावीसपैकी दहा घरांनी नेलाच नाही. कारण मी ‘योजनेची माहिती नसणे’ असं दिलंय. नक्कल सोबत आहे. चुकलं असेल तर कान धरा.

तुमची,
विशाखा

गावाकडून,
ता. १४ जानेवारी १९८८

चि. विशाखास कारभारी दादाचा जयभीम व आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल. ठेचा पुन्हा धाडायचा का, असं तुझी आई इचारती.

तुझं लिवणं दोनदा वाचलं. माहिती न्हवती म्हणतीस, ते लई लागलं. सोसायटीची नोटीस मीच विहारात वाचून दाखवलती. अन् घरं दहा न्हाईत, अकरा हाईत. अकरावं आपलं. तू साऱ्या वस्तीत फॉर्म भरत फिरलीस, आपल्या घराचा मात्र कडबा नेला म्हणून होस्टेलात बसून भरलास. मला का इचारलं न्हाईस?

कडबा छावणीच्या आवारात वाटायचे. तिथं रोज एखांदं जनावर मरायचं. मी पेंढ्या आणाया गेलतो, तर सोसायटीच्या माणसांनी रांगेतून बाजूला घेऊन हातात कासरा दिला. आधी तेवढी मेलेली गाय वढून टाक, मंग कडबा ने, म्हणाले. माझ्या बापानं ते काम छप्पनला सोडलं. कासरा खाली ठिवला अन् रिकामा आलो. बैलं दिंद्रुडच्या बाजारात इकली. म्हातारी झालती म्हणून तुला कळवलं, ते खोटं. तुझ्या अभ्यासाला घोर नको, म्हणून.

जिवाला जप.
दादा

औरंगाबाद,
ता. २० जानेवारी १९८८

ती. दादांस सविनय जयभीम.

पत्र वाचून खूप रडले. गाव मला पाठ आहे, अशा तोऱ्यात मी आपलाच फॉर्म भरला. माझी मलाच लाज वाटली.

सरांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, आता तुझी चर्चा सुरू झाली. पण दादा, बाकीच्या दहा घरांचं कारण तेच असेल, हे मी परस्पर कसं धरू? पुन्हा तीच चूक व्हायची. तुम्ही त्यांना विचाराल का? मी नावं बदलून लिहीन. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव गावातच आहेत, माझ्या पदवीपायी तुम्हाला त्रास नको. तुम्ही नको म्हणालात, तर हे सगळं गाळते.

आईला सांगा, ठेचा धाडच.
तुमची,
विशाखा

गावाकडून,
ता. २ फेब्रुवारी १९८८

चि. विशाखास आशीर्वाद.

दहाही घरी जाऊन आलो. म्हाळूकडं तवा जनावरच न्हवतं. दोन घरं ऊसतोडीवरनं माघारी आली न्हवती. जसं हाय तसंच लिही, समद्यांना एकच कारण चिटकवू नको. राहिलेल्या सात घरांपुढं माझ्यासारखाच कासरा आलता. सारजाबाईनं तर नवऱ्यालासुदिक सांगितलं न्हवतं. तिला वाटायचं, आपल्या एकटीलाच म्हणाले. मलाबी तसंच वाटायचं. दर पुनवंला एका विहारात बसणारी आमी माणसं, दोन वर्षांत एकमेकाला कुणी बोललो न्हाई. तू इचारलंस म्हणून कळलं.

नावं बदलू नको. आमी काय चोरी केली न्हाई. आठी घरांच्या सह्या-अंगठे सोबत हाईत. सुंदररावाच्या घरी आज सकाळीच आठीजण मिळून गेलतो. तुझ्या प्रबंधात काय येणार, ते मी त्याच्या तोंडावर सांगून आलो.

ठेचा धाडलाय. सही झाली की दोन ओळी टाक.
तुझा,
दादा