दरडीवरचं रूफेनमाट

प्रिय सेराइना,

परवा फोनवर मी म्हणाले, "सगळं ठीक," आणि तूही म्हणालीस, "सगळं ठीक." आणि फोन ठेवले. आपण हल्ली फोनवर अशा बोलतो, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलंय. म्हणून आज पत्रच लिहायला बसले.

नोव्हेंबर लागला. ऊन चर्चच्या कळसाला शेवटचं शिवून गेलं, आता फेब्रुवारीपर्यंत ते काही आपल्या गावाकडे फिरकायचं नाही. तुझ्या माहेरी, एंगाडीनमध्ये, उन्हाला काय तोटा! इथल्या पहिल्या हिवाळ्यात तू खिडकीशी उभी राहून विचारलं होतंस, "आई, इथे सूर्य भाड्याने आणावा लागतो का?" आपला फ्रीडली इतका हसला की हातातली कॉफी सांडली. मी मात्र चिडले होते. डोंगर आमचा, सावली आमची, तिला नावं ठेवणारी ही कोण परकी, असं वाटलं होतं. रूफेनमाटची माणसं अशीच. डोंगराला शिव्या देण्याचा हक्क फक्त आमचा.

सप्टेंबरात आम्हाला गाव सोडावं लागलं, हे तू बातम्यांत पाहिलंच असशील. ग्लातश्टॉकच्या माथ्यावर यंत्रं बसवली आहेत, ती सांगू लागली की डोंगर सरकतोय. गावप्रमुख दारोदार फिरला. म्हातारा बाल्झ नेहमीसारखा अडून बसला. म्हणाला, "तो माझ्या जन्माआधीपासून सरकतोय. मी काय त्याच्या मागे मागे सरकत बसू?" शेवटी त्याच्या गाई खाली नेल्या, तेव्हा त्यांच्या मागून तोही निघाला, सबंध वाटभर पुटपुटत. खालच्या गावातल्या शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये आमच्या खाटा मांडल्या होत्या. सगळं रूफेनमाट एका छपराखाली! कोण घोरतं, कोण दात काढून ठेवतं, काही लपून राहिलं नाही.

तिथेच, दुपारच्या स्वयंपाकाला आम्ही बायका बटाटे सोलत होतो, तेव्हा आफ्रा म्हणाली, "आगाथा, तुझी सून खूर शहरात, बाजारात दिसली गं. एकटी नव्हती." सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. बाल्झ दारात पाइप ओढत होता, तो म्हणाला, "एकटी कशाला असेल? तरणी बाई ती. तू तुझे बटाटे सोल ना!" आफ्राने पुढचा बटाटा उचलला. मी सोलतच राहिले. नंतर पाहिलं तर माझ्या पुढ्यात बटाट्यांपेक्षा सालींचाच ढीग मोठा.

खोटं कशाला लिहू, मला तुझा राग आला. माझा मुलगा जाऊन चारच वर्षं झाली, असं मनात आलं. त्या ऑगस्टमध्ये लाउइबाख ओढ्याला लोंढा आला आणि पलीकडच्या कुरणावर अडकलेल्या गाई सोडवायला फ्रीडली गेला. गाई सगळ्या परत आल्या. तू ओढ्याकाठी उभी होतीस, एकेक गाय उतरताना बघत, आणि शेवटची आली तरी तू तिथून हलली नाहीस. मीच तुला धरून घरी आणलं. त्या दिवशी माझ्या खांद्यावर रडलेली बाई खूरच्या बाजारात कुणाबरोबर तरी हसत हिंडते, हे मला सोसवेना. तू हसत होतीस असं आफ्रा म्हणाली नव्हती. ते मीच धरून चालले होते.

दिवस जाता जाईनात, तेव्हा त्स्वाइफेल मास्तर मुलांना गावाची गोष्ट सांगू लागले. मुलांच्या मागे आम्ही म्हातारी माणसंही बसलो. जुनी दरड कोसळली ती आपल्या खापरपणज्यांच्याही आधी. तेव्हाचं गाव आज आपल्या पायाखाली आहे. गावाच्या नावाचा अर्थच मुळी दरडीवरचं कुरण. हे सगळ्यांना पाठ. पण मास्तरांनी मुलांना विचारलं, "पुढे काय झालं? अर्धं गाव गाडलं गेल्यावर ही घरं कुणी बांधली?" मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आगाथाबाईंच्या घराच्या तुळईवर लिहिलंय की!"

खरंच लिहिलंय, सेराइना. "बार्बरा आणि तिचा दुसरा नवरा मेल्खिऑर यांनी हे घर बांधलं. देव राखो." सून म्हणून त्या दारातून आत आले तेव्हापासून ती अक्षरं माझ्या डोक्यावर आहेत आणि मी फक्त त्यांवरची कोळिष्टकं काढत आले. मास्तर म्हणाले, त्या वर्षांत इथे जी लग्नं झाली ती बहुतेक विधवांची आणि विधुरांची. काही पुरुष तर खिंडीपलीकडून आले होते. दरडीवर पहिला दगड रचला तो त्यांनी. बाल्झ मागून ओरडला, "म्हणजे आपण सगळी दुसरेपणाची पैदास!" हॉलभर हशा पिकला. मीही हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं. आफ्राने माझा हात धरला. बाई वाईट नाही ती.

त्यानंतर मी त्या बार्बराचा फार विचार केला. तिच्यापेक्षाही तिच्या पहिल्या सासूचा. ती दरडीत गेली की वाचली? वाचली असेल तर दुसरा नवरा दगड वाहून आणताना ती कुठे बसून बघत होती? तुळईवर तिचं नाव नाही. मास्तरांनाही ठाऊक नाही.

डोंगराचा तुकडा शेवटी पडला. दगड गावाच्या वरच थांबले, फक्त आपलं वरच्या कुरणातलं गवताचं कोठार गेलं. फ्रीडलीने बांधलेलं. आम्हाला घरी परतू दिल्यावर मी तिथवर चढून गेले. राखाडी दगडांखेरीज काही उरलेलं नाही. मला वाटलं होतं, मी कोसळेन. तसं झालं नाही. थोडा वेळ बसले, बरोबरचा पाव आणि चीज खाल्लं आणि उतरले. बाल्झ आता तिथे शेळ्या चारायचं म्हणतोय. म्हणतो, दोन वर्षांत गवत येईल. येईलही.

मास्तरांची बहीण खूरला असते, तिच्याकडून तुझ्याबरोबरच्या त्या माणसाचं नाव कळलं. गिआन. रेल्वेत काम करतो, आणि वसंतात तुम्ही लग्न करणार आहात. तू मला सांगितलं नाहीस ते का, हे मला कळतं. गेली चार वर्षं तू माझ्या दुःखाला जपत आलीस, आता पुरे. मुली, लग्न कर. मनात चोरटेपणा ठेवू नकोस. मला रडू येईल, ते येऊ दे, त्यावर तुझा काही इलाज नाही. पण एक विचारायचं आहे, आणि त्यासाठीच हे सारं लिहीत बसले. तुझी आई नाही. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, तुझ्या बाजूला, आईची जागा रिकामी राहील. तिथे मी बसले तर चालेल का? गिआनला विचार. तो हो म्हणाला तर मला कळव, म्हणजे मी निळा पोशाख शिवायला टाकते. काळा नको.

तुझीच,
आगाथा आई