मागचा ब्रेक काढून टाका

१३ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. वाचणारा फक्त मी. (आई, हे वाचत असलीस तर वही होती तिथं ठेव.)

कारण महत्त्वाचं आहे. राजश्रीचा दौंडहून फोन आला. तिथं एका खासगी हॉस्पिटलात ती नर्स म्हणून लागली, त्याला पाच महिने झाले. म्हणाली, २ फेब्रुवारीला, रविवारी, आबा दौंडला येतायत. तुला बघायला. चार गोष्टी सांगितल्या. एसटीनं ये. नऊच्या आत ये. पांढरा शर्ट घाल. जास्त बोलू नको.

आबा म्हणजे तिचे वडील, ज्ञानदेव आबा. रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे. तीस वर्षं सायकलवर ड्युटी केली.

मी कॉलेज सेकंड इयरला सोडलं. सोडलं, काढलं नाही. सरांच्या टेबलावर फाइल आपटली. सर म्हणाले, जाताना दार लाव. लावलं नाही. पण सासऱ्याला हे सांगून भागत नाही, म्हणून मागंच मी राजश्रीला बोललो होतो की मी पण सायकलिस्ट आहे, रोज चाळीस किलोमीटर मारतो. तिनं ते आबांना सांगितलं. आबा लय खूश. म्हणाले, डिग्री नसंना, पोराच्या पायात तरी दम हाय.

आता एकच अडचण. माझ्याकडं सायकल नाही.

१४ जानेवारी
निर्णय. शिरूर ते दौंड सायकलनं जायचं. साठेक किलोमीटर. एसटीनं कुणीही येतो.

फेसबुकवर ‘पेडलवीर’ ग्रुप जॉइन केला. एक्केचाळीस हजार मेंबर. ‘गिअरगुरू’ नावाचे एक सर तिथं प्रत्येकाला उत्तर देतात. तीन हजार उत्तरं दिलीत. त्यांची सर्वांत जुनी पोस्ट शोधून वाचली: ‘सायकल शिकायला किती दिवस लागतात?’ मोठी माणसं अशीच नम्र असतात.

१७ जानेवारी
सायकल आली! रांजणगावच्या कंपनीतले एक इंजिनिअर बदली होऊन चालले होते, त्यांच्याकडून. वाकडं हँडल, एकवीस गिअर. सोबत पेडलला लॉक होणारे बूट फ्री. बूट एक नंबर लहान आहेत. ग्रुपवर विचारलं. गिअरगुरू म्हणाले, बूट जितका घट्ट तितकी पॉवर.

स्टँडसमोरचे रशीदमामा तीस वर्षं सायकली दुरुस्त करतायत. त्यांना दाखवली. सायकलभोवती एक फेरी मारली आन् म्हणाले, सीट खाली घे, बूट बदल, आन् पयले आठ दिवस नुसता बाजारापर्यंत जाऊन ये. मी म्हटलं, मामा, ही रेसची सायकल आहे. मामा म्हणाले, व्हय, पण बसणारा तू हायस.

राग आला. पण लहान माणसाशी वाद घालू नये. (वयानं मोठे आहेत. ज्ञानानं म्हणतोय.)

१९ जानेवारी
ग्रुपवर कळलेलं ज्ञान:
सीट जेवढी उंच तेवढा स्पीड. चेनला खोबरेल तेल. किलोभर वजन कमी झालं की ताशी एक किलोमीटर वाढतो.

मग स्टँड काढला. घंटी काढली. मडगार्ड काढलं. एकानं लिहिलं, ब्रेकिंगचं सगळं काम पुढचा ब्रेक करतो, मागचा नुसता ओझं. काढला. दुसऱ्यानं लिहिलं, पुढचा ब्रेक कधीच दाबू नका, माणूस कोलांटी खातो. हेही पटलं.

दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते विचारायचं राहिलं.

२१ जानेवारी, संध्याकाळ
पहिली राइड. घर ते एसटी स्टँड. स्टँडसमोर थांबायला गेलो. दोन्ही पाय पेडलला लॉक. सायकल थांबली, मी थांबलो, मग दोघं मिळून सावकाश डावीकडं आडवे झालो. झाड पाडल्यासारखे. रसवंतीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाला उठून मारणार होतो, पण पाय सुटेनात. पडल्या पडल्या शिव्या दिल्या.

रशीदमामा पाना घेऊन आले. म्हणाले, पेडलचा स्प्रिंग ढिला करून देतो. मी म्हटलं, हात लावू नका. ग्रुपचं स्पष्ट मत आहे, स्प्रिंग फुल टाइट ठेवा, नाहीतर पॉवर लीक होते. मामांनी सुस्कारा टाकला. म्हणाले, पोरा, तुझ्यात पावर हाय कुठं लीक व्हायला?

२५ जानेवारी
बूड. दुसरा शब्द नाही.

ग्रुपवर म्हणाले, पॅडवाली चड्डी लागते. घरगुती उपाय पण आहे: टाइट चड्डीला आतून स्पंज शिवा. आईला शिवायला दिली. आईनं दोनदा विचारलं की नक्की कुठं लावायचाय. मग शिवला. शिवताना तिचे खांदे हलत होते. रडत असेल. पोराचं कष्टाचं जीवन बघून.

२९ जानेवारी
राजश्रीचा फोन. विचारलं, एसटीचा टाइम बघितलास का? मी म्हटलं, सगळी तयारी झालीये. (खोटं नाही.) ती म्हणाली, सम्राट, आबा एकदाच येणार हायत, त्यांचं गुडघ्याचं दुखणं हाय, घोळ घालू नको. मी म्हटलं, विश्वास ठेव. तिनं फोन ठेवला. राजश्रीच्या ह्या स्वभावावरच माझं प्रेम आहे. कमी बोलते, खोल बोलते.

आतापर्यंत सलग सर्वांत जास्त चालवलेलं अंतर: सहा किलोमीटर. बाकी चोपन्न निश्चयावर.

१ फेब्रुवारी
पांढरा शर्ट तराजूत टाकला. दोनशे वीस ग्रॅम. पॉवर बँक तीनशे. चपला, डबा, सगळं मोजलं. सगळं कॅन्सल. उद्या अंगावर फक्त सायकलिंगची जर्सी, स्पंजची चड्डी, बूट. आबा सायकलवाले आहेत, त्यांना कळेल.

आई म्हणाली, सात वाजता एसटी हाय रं. मी शर्ट परत कपाटात ठेवला.

२ फेब्रुवारी, रविवार
(संध्याकाळी सात वाजता लिहितोय.)

पहाटे पाचला निघालो. वारा समोरून. ग्रुपवर वाऱ्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. न्हावऱ्यापर्यंतच पावणेआठ झाले. सीट एवढी उंच की पेडल खाली गेलं की मी एका बाजूला झुकायचो, वर आलं की दुसऱ्या. राइड मोजायच्या ॲपनं मोबाईलची बॅटरी खाल्ली. फोन बंद.

तिथं आठवलं: ड्राफ्टिंग. मोठ्या गाडीच्या मागं चिकटून चालवा, वारा लागत नाही, चाळीस टक्के ताकद वाचते. समोरच उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. चिकटलो. लोंबणारा एक ऊस हातात धरला. काय स्पीड! पाय हलवायची गरज नाही. पहिल्यांदाच वाटलं, आपल्यात काहीतरी आहे.

मग ट्रॅक्टर वळला.

साखर कारखान्यात.

सोडून द्यायला पाहिजे होतं. पण मागचा ब्रेक घरी, पुढचा दाबायचा नाही, आणि माझ्यामागं दुसरा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत. गेलो आत. वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टर थांबला. मी उसावर टेकलो. मागचा ट्रॅक्टर माझ्या चाकाला नाक लावून उभा. दोन्ही बाजूला ट्रॉल्यांच्या रांगा. पाय लॉक. पडायला सुद्धा जागा नाही.

अडीच तास.

मदत मागितली नाही. सायकलिस्ट मागत नाही. मी स्ट्रेचिंग करतोय असं दाखवलं. रांग चार पावलं सरकली की ऊस धरून मीही सरकायचो. पुढच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर चांगदेव मामा शेवटी खाली उतरून आले. विचारलं, पाव्हणं, कुठं निघालाय? म्हटलं, दौंडला. ते म्हणाले, मंग हितं कशाला आलाय? मी चिडलो. म्हटलं, तुम्ही इंडिकेटर दाखवला का? मामा म्हणाले, दाखवला की. तुमी ऊस बघत व्हता.

काट्यावर ट्रॉलीबरोबर माझंही वजन झालं. काट्यावरचा क्लार्क खिडकीतून ओरडला, त्या निळ्या चड्डीवाल्याला खाली उतरवा. मी म्हटलं, उतरता येत नाही. सगळी रांग हसली.

तेव्हा उसाच्या मोळीवर बसलेल्या चांगुणाबाई, ऊसतोडीच्या, भाकरी खात होत्या. घास थांबवून म्हणाल्या, आरं लेकरा, पाय निघंना तर बूट काढ की.

बूट काढले. पट्टी ओढली, पाय बाहेर.

अडीच तास हे एक्केचाळीस हजारांतल्या एकालाही सुचलं नाही. मला सुचायचा प्रश्नच नव्हता, मी तणावात होतो.

सायकल गेटवर वॉचमनकडं ठेवली, बूट पेडललाच. मोज्यांवर रिकाम्या ट्रॅक्टरनं हायवेला आलो. तिथून दौंडला... एसटीनं. कंडक्टर माझ्याकडं बघत म्हणाला, उभाच रहा, सीट भिजंल. स्पंज घामानं फुगला होता.

दौंड स्टँडला सव्वा वाजता पोचलो. आबा कट्ट्यावर बसले होते. शेजारी त्यांची जुनी काळी सायकल, घंटी, स्टँड, कॅरिअर, सगळं जागच्या जागी. राजश्री उभी. मला बघून तिनं ओढणी तोंडाला लावली. आबांनी वरून खालून बघितलं. विचारलं, सायकल कुठंय? म्हटलं, कारखान्यात. आबा म्हणाले, ऊस घालायला गेला व्हतास का?

मी पाया पडायला वाकलो. स्पंजातून पाणी गळालं. त्यांच्या पायावर नाही. जवळ.

आबा मात्र रागावले नाहीत. बस म्हणाले, मग म्हणाले नको, उभाच रहा. विचारलं, रोज चाळीस किलोमीटर? मी खरं सांगितलं, सहा. कसं कोण जाणे, सांगितलं. आबांनी पायातल्या चपला काढून माझ्यापुढं सरकवल्या. म्हणाले, डांबर तापलंय. आणि अनवाणी सायकलवर बसून गेले. गुडघा दुखत होता, तरी मागं बघून हात केला.

राजश्रीची दोनची ड्युटी होती. ग्रुपच्या एक्केचाळीस हजार मेंबरांनी काय काय सांगितलं, ते तिला ऐकवलं. मी म्हटलं, बोल काहीतरी. तिनं घड्याळ बघितलं. मला राग आला. स्टँडवर सगळ्यांसमोर ओरडलो, तुला मी पाहिजे का एसटी?

ती हळू आवाजात म्हणाली, मी एकच सांगितलं व्हतं. एसटीनं ये. चाळीस हजार लोकांचं ऐकलंस, माझं एक ऐकता आलं न्हाई तुला.

आणि ड्युटीला गेली.

३ फेब्रुवारी
ग्रुपवर सगळं लिहिलं. (कारखान्याचा भाग गाळला.) विचारलं, आता काय करू? गिअरगुरूंनी स्वतः उत्तर दिलं. एकवीस दिवस संपर्क पूर्ण बंद. मेसेज करायचा नाही, आलेला उघडायचा नाही, फोन उचलायचा नाही. समोरची व्यक्ती आपोआप ओढली जाते. शास्त्र आहे. एकशे बारा लाइक.

सुरू. पहिला दिवस.

५ फेब्रुवारी
राजश्रीचा व्हॉट्सॲप मेसेज आला. तिच्या नावापुढं हिरवा एक. उघडला नाही. फोन पिठाच्या डब्यात ठेवला. तिसऱ्याच दिवशी असर! गुरू म्हणजे गुरू.

८ फेब्रुवारी
हिरवे दोन. आईला म्हटलं, आता बघच. आई म्हणाली, उघडून तरी बघ. आईला ह्यातलं शास्त्र माहीत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून तीन कॉल. उचलले नाहीत. फोन हातात धरून मोरीत बसलो होतो, तिथं मन आवरतं. दुपारनंतर शांत. बहुतेक रडत असेल. माझ्या पण डोळ्यात पाणी, पण शिस्त म्हणजे शिस्त.

हिरवे पाच.

१४ फेब्रुवारी
आज मेसेज नाही. आज तर यायला हवा होता. ग्रुप म्हणतो, हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आतून बदल चाललाय. बारा दिवसांत एक मिनिट तिचा विचार सोडून गेलं नाही. सायकल अजून कारखान्याच्या गेटवर. वॉचमनचा फोन आला, घेऊन जा म्हणायलाच असणार. तोही उचलला नाही. चुकून.

१९ फेब्रुवारी
हिरवे पाच ते पाचच. तिचा फोटो दिसायचा बंद झाला. नेटवर्क.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६:००
एकवीस दिवस पूर्ण. उघडले. जसेच्या तसे उतरवतोय.

५ तारीख: आबा म्हणतात पोरगं येडं हाय, पण आलं, आन् तोंडावर खरं बोललं. ह्या रविवारी परत बोलव म्हणाले. नऊ वाजता दौंड स्टँड. एसटीनं ये.

८ तारीख: येतोस ना?

९ तारीख, ९:४०: आम्ही थांबलोय. कँटीनजवळ.

९ तारीख, ११:१५: आबा म्हणतात अजून एक गाडी बघू.

९ तारीख, १:०५: ठीक आहे.

फोन लावला. लागत नाही. आईच्या फोनवरून लावला. एक रिंग वाजली, मग कट.

सात वाजताची एसटी आहे. निघता येईल. पण घाई नको म्हणून आधी ग्रुपवर विचारलं, मुलगी ‘ठीक आहे’ म्हणाली तर त्याचा अर्थ काय.

सव्वासातपर्यंत सव्वीस उत्तरं आली. बहुतेकांचं मत आहे, चांगलं लक्षण आहे, अजून एकवीस दिवस थांब.